चित्र एक, आवाज अनेक

रायपूर शहराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची एक वस्ती आहे. तिच्या नावातच तिचा इतिहास सामावलेला आहे. 'तात्या' हा शब्द आपल्या मराठी घरातला. 'पारा' म्हणजे छत्तीसगढी भाषेत वस्ती किंवा मोहल्ला. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात येत गेली व येथीलच होऊन राहिली. एका शब्दात दोन भाषा शेजारी नांदाव्यात, तशीच ती माणसेही नांदली.

माझी एक मावशी या वस्तीत संसार करून गेली. तिच्या घरी स्वयंपाकघरात मराठी, मुलांच्या अभ्यासात हिंदी आणि दारावर येणाऱ्या माणसांशी छत्तीसगढी, असा तीन भाषांचा व्यवहार दिवसभर चाले. त्या घरी दूरदर्शनचा संच आला, त्यानंतरची एक आठवण ती नेहमी सांगत असे. सकाळी दूध घालणारी बाई कधीमधी संध्याकाळी येऊन ओसरीच्या कडेला बसे, डोळे पडद्यावर लावी, आणि थोड्या वेळाने मावशीकडे वळून विचारी, "बाई, हा काय म्हणतो आहे?" पडद्यावरचा गृहस्थ शुद्ध हिंदीत खतांविषयी किंवा बालसंगोपनाविषयी बोलत असे. मावशी त्याचे म्हणणे तिला छत्तीसगढीत सांगे. भाषांतर हा ज्याचा रोजचा व्यवसाय, अशा माझ्यासारख्याला या आठवणीचे मोल अधिक वाटते. परंतु त्या बाईच्या प्रश्नामागे दूरदर्शनच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण उभे आहे, आणि त्याचाच परिचय या वेळी वाचकांना करून द्यावयाचा आहे.

दूरचित्रवाणी ही शहरांची वस्तू, ती खेड्यांत फार मागाहून गेली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. दिल्लीत ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी आली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी, हे खरे. पण कलकत्त्याला ती ९ ऑगस्ट १९७५ रोजी व मद्रासला १५ ऑगस्ट १९७५ रोजी पोहोचली; आणि रायपूर, बिलासपूर व दुर्ग या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत ती १ ऑगस्ट १९७५ रोजीच सुरू झाली होती! ज्या खेड्यांत कित्येकांनी चित्रपटही पाहिला नव्हता, त्यांनी या दोन महानगरांच्या आधी दूरचित्रवाणी पाहिली.

हे घडले ते 'साइट' या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपग्रह-शिक्षण प्रयोगामुळे. त्याची कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी १९६९ साली करार झाला, डॉ. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले, तथापि काम थांबले नाही. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे सुपुत्र प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली, हे मराठी वाचकांस मुद्दाम सांगितले पाहिजे. 'एटीएस-६' हा अमेरिकेचा उपग्रह एका वर्षासाठी आपल्याला वापरावयास मिळाला. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपला संदेश पाठवी, आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी तो थेट ग्रहण करीत. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ही ती राज्ये. छत्तीसगढ तेव्हा मध्य प्रदेशातच होता.

खेड्यात शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात दहा फूट व्यासाची एक तबकडी उभी राहिली. ती कशाची होती म्हणाल, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची! स्वस्त, हलकी आणि गावातच जोडता येण्याजोगी. हैदराबादच्या सरकारी कारखान्यात तयार झालेला संच गावातील एखाद्या जबाबदार माणसाकडे सोपवीत. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, असे रोज चार तासांचे कार्यक्रम असत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या, लोककला असे विषय. आरंभी सारा गाव लोटे. नवलाई ओसरल्यावर गर्दी कमी झाली, पण मुले मात्र हटली नाहीत.

येथे भाषेचा प्रश्न आला. उपग्रहाकडे चित्रासाठी मार्ग एकच होता, पण ध्वनीसाठी दोन होते. म्हणजे एकच चित्र एकाच वेळी दोन भाषांत बोलू शके. तेलुगू व कन्नड गावांना याचा लाभ झाला. हिंदी राज्यांचे मात्र एक कुटुंब मानले गेले. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढ यांना एकच हिंदी ऐकावयास मिळाली. कागदावर ही व्यवस्था सोयीची होती. पण ज्या घरात आई मुलाला छत्तीसगढीत हाक मारते, त्या घरात बाळाला जुलाब झाल्यावर काय करावे हे शहरी हिंदीत सांगितले, तर ऐकणारीच्या मनात शंका उरते आणि ती विचारावयास समोर कोणी नसते. ओसरीवरच्या त्या बाईला मावशी तरी होती.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाचे वर्ष संपले. उपग्रह परतीच्या वाटेला लागला आणि खेड्यांतील पडदे मुके झाले. लोकांना एखादी गोष्ट दाखवून ती काढून घेणे, यासारखे दुःख नाही. तेव्हा सरकारने ठरविले, की आकाशातून येणारे कार्यक्रम आता जमिनीवरून द्यावयाचे. १९७७ साली जयपूर, हैदराबाद, गुलबर्गा, संबळपूर, मुझफ्फरपूर आणि रायपूर येथे प्रक्षेपक उभे राहिले. जुन्या प्रयोगातील खेड्यांपैकी सुमारे ४० टक्के त्यांच्या आवाक्यात येत. या प्रक्षेपणासाठी जाळीची तबकडी लागत नाही. घराच्या छपरावर साधी आकाशशलाका उभारली की पुरे. म्हणून खेड्यांसाठी उभारलेला प्रक्षेपक तात्यापाऱ्यातील गच्च्यांवरही उतरला. एरवी शहराचे उरलेसुरले खेड्याला मिळते. येथे खेड्याच्या निमित्ताने शहराला मिळाले.

तरीही कार्यक्रम मुख्यतः दिल्लीत तयार होत आणि त्यांच्या फिती रायपूरला येत. मनोरा आपला, पण बोलणे दुसऱ्याचे, अशी ही स्थिती होती.

ती बदलता येते, हे त्याच काळात गुजरातेतील पीज या गावाने दाखविले. खेडा जिल्ह्यात १९७५ साली तेथे केवळ एक किलोवॉट शक्तीचा प्रक्षेपक सुरू झाला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रातील मंडळी गावोगाव फिरत, शेतमजुरांशी व दूध घालणाऱ्या स्त्रियांशी बोलत, त्यांच्याच अडचणींवर चारोतरच्या बोलीत नाट्ये बसवीत. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता असे अवघड विषयही त्यांनी टाळले नाहीत. १९८४ साली या कामाला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आणि १९८५ साली, गावकऱ्यांचा विरोध असतानाही, पीजचा प्रक्षेपक बंद झाला.

नेमक्या याच सुमारास देशभर छोट्या प्रक्षेपकांचा सुकाळ झाला होता. १९८३ साली 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह अवकाशात गेला, आणि पुढील वर्षी शंभर वॉटचे लघुशक्ती प्रक्षेपक गावोगाव, जवळजवळ रोज एक या वेगाने बसू लागले. शंभर वॉट म्हणजे घरातील एका जुन्या दिव्याइतकी शक्ती! तेवढ्यात भोवतालचा सुमारे पंधरा किलोमीटरचा प्रदेश उजळे. जिल्ह्याच्या ठिकाणची असंख्य मराठी घरे अशाच मनोऱ्यामुळे प्रथम दूरदर्शनशी जोडली गेली. परंतु या मनोऱ्यापाशी ना कॅमेरा होता, ना निवेदक. उपग्रहावरून येईल ते घ्यावयाचे व पुढे द्यावयाचे, एवढेच त्याचे काम. तो गावात होता, पण गावाचा नव्हता.

या प्रक्षेपकांचा काळ आता संपला आहे. उपग्रहाच्या लहान तबकड्या व केबल घरोघर आल्यावर त्यांचे प्रयोजन उरले नाही. ३१ मार्च २०२२ पर्यंत, मोक्याच्या जागेचे सुमारे पन्नास सोडल्यास, दूरदर्शनने जुन्या पद्धतीचे जवळजवळ सर्व प्रक्षेपक बंद केले. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. साधने जुनी होतात व जातात. उलट, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूरचे दूरदर्शन केंद्र छत्तीसगढीतही बोलू लागले. ओसरीवरच्या बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, उशिरा का होईना.

वाचकहो, या इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? मला वाटते ते असे. संदेश किती दूर गेला हे किलोमीटरने मोजता येते. तो पोहोचला की नाही, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळते. आज आपल्या हातातील यंत्रावर जगातील सारे आवाज येतात. पण घरातील वृद्ध आजीला औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, बँकेतून आलेला निरोप किंवा डॉक्टरांचा सल्ला तिच्या भाषेत समजावून सांगणारे कोणी आहे काय? घरकामाला येणाऱ्या बाईने "हे काय लिहिले आहे?" म्हणून कागद पुढे केला, तर आपण क्षणभर थांबतो काय? हे काम कोणताही प्रक्षेपक आपल्यासाठी करणार नाही.

आणखी एक विनंती. आपल्या घरात पहिला संच केव्हा आला, शेजारची कोण कोण मंडळी येऊन बसत, कोण कोणाला समजावून सांगे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत टिपून ठेवावे. मनोऱ्यांच्या नोंदी सरकारी दप्तरात असतात. ओसरीवरच्या माणसांच्या नोंदी मात्र कोठेच नसतात. मावशी गेली, आणि त्या दूध घालणाऱ्या बाईचे नाव विचारावयाचे माझ्याकडून राहूनच गेले. आपल्या बाबतीत तसे न होवो.