गिझर कुरकुरतोय आणि आपण दार लावून घेतोय



आज जरा रागानंच लिहितेय. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या घरांत गिझर आले, पण त्यांच्या आवाजाबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "जुना झालाय, करायचाच." सासूबाई म्हणतात, बंबसुद्धा घुमायचाच की! घरातले पुरुष म्हणतात, पाणी तापतंय ना, मग झालं. प्लंबर दारात उभा राहून विचारतो, "साहेब नाहीत का?" जिला तो आवाज रोज पहाटे ऐकावा लागतो, तिचं मत कुणालाच नको असतं. मग ती बाथरूमचं दार ओढून घेते आणि देवपूजेच्या तयारीला लागते.

आधी बंबाचं बोलू. तांब्याचा बंब घुमायचा आणि त्यावरून पाणी तापल्याचं कळायचं, हे खरं. पण त्याच्यावर नुसतं झाकण ठेवलेलं असायचं, वाफ कोंडून राहायला जागाच नव्हती. गिझरची टाकी चारही बाजूंनी बंद असते. बंबाचा दाखला गिझरला लावणं म्हणजे उघड्या पातेल्यावरून कुकरचा न्याय करणं.

तापताना गिझरमधून तडतड, खदखद किंवा कढई तापल्यासारखा चर्र आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा तो क्षारांचा असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ते कितीही दाट कापडानं गाळलं, जिवाणी विधीनं परत सोडली, तरी पाण्यात विरघळलेला चुना गाळण्यात अडकत नाही. तो टाकीत जातो आणि पाणी तापलं की कॉइलवर पांढरी खपली होऊन बसतो. खपलीखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, बुडबुडे फुटतात, तोच आवाज. उष्णता पाण्यात नीट जात नाही म्हणून कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस तिचं आवरण फुटतं. मग वीज पाण्यात उतरू शकते. दोन हजार वॅटची कॉइल आहे ती, समईची वात नव्हे.

इथे आपल्यातल्याच काही जणी धर्म पुढे करतात. "गिझर उघडायचा, ॲसिडनं धुवायचा, केवढी जीवहिंसा! त्यापेक्षा राहू दे." मला हे पटत नाही, आणि स्पष्टच सांगते, हा धर्म नाही, आळस आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाला आधी धरलं आहे. दोन वर्षं रोज कानावर पडणारा आवाज माहीत असून सोडून देणं, याला दुसरं काय नाव आहे? पहाटे सगळ्यात आधी अंघोळीला कोण जातं? चौक्यात शिरायचं म्हणून शुद्धीसाठी सून जाते. धोका तिच्या वाट्याला, आणि अहिंसेचं पुण्य न उघडणाऱ्यांच्या! शिवाय खपली काढायला जळजळीत ॲसिडच लागतं असं नाही. बऱ्याचदा कॉइल बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ठेवली की थर फसफसून सुटतो.

याहून वाईट प्रकार सेफ्टी व्हॉल्व्हचा. तापताना तो टपकतो. लगेच कुणीतरी म्हणतं, पाणी वाया जातंय, अपकायाची विराधना होतेय, बंद करा. प्लंबर बूच मारून मोकळा. मैत्रिणींनो, तापलं की पाणी फुगतं. २० अंशांचं पाणी ७० अंशांवर नेलं, तर २५ लिटरच्या टाकीत साधारण अर्धा लिटर जास्त होतं. मागे जायची वाट नसेल तर ते या व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. खाली तांब्या ठेवा, तेच पाणी फरशी पुसायला घ्या. पण बूच मारलं आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही पाणी गळत असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. तेव्हा तो बदलायचा, बुजवायचा नाही.

(जाता जाता. गिझरचं पाणी चौक्यात उकळलेलं म्हणून चालवू नका. साठ-सत्तर अंश म्हणजे उकळी नव्हे.)

नळ बंद करताना भिंतीत धाडकन आवाज येतो, तो गिझरचा नसतो. जुन्या लोखंडी पाइपांचे क्लॅम्प सुटलेले असतात, त्यात नवा दांडीचा नळ आणि प्रेशर पंप. वेगात आलेलं पाणी एकदम अडलं की पाइप भिंतीवर आपटतो. क्लॅम्प घट्ट करून घ्या, दाब कमी करा, नळ सावकाश फिरवा. गिझर बंद केल्यावर टिकटिक होते, ती पत्रा आकसल्याची. तिला घाबरू नका.

आता पैशाचं. "सर्व्हिसिंगला कशाला खर्च?" असं म्हणणाऱ्या घरात पंचकल्याणकाच्या बोलीला हात आखडत नाही, हे मी पाहिलेलं आहे. देणगी जरूर द्या. पण जड पाणी असेल तर वर्षातून एकदा तरी टाकी रिकामी करून, कॉइल धुऊन, आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलून घ्या. काम चालू असताना तिथेच उभ्या राहा आणि निघालेली खपली घमेल्यात काढून दाखवायला सांगा. याच खेपेला वायरमनलाही बोलवा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग मीटरनं मोजून पाहायला लावा. जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे पुष्कळदा वायरच नसते. हे होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझरचा मेन स्विच बंद करा आणि मगच अंघोळीला बसा.