‘सल्फा सोसत नाही’ हे ठरवायचं कसं?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘कुठलं औषध सोसत नाही का?’ आपल्याकडचं ठरलेलं उत्तर, ‘मागं एकदा गोळीनं अंग उठलं होतं.’ गोळी कुठली, कशासाठी घेतली, किती दिवसांनी अंग उठलं, याचा पत्ता नसतो. सल्फा जातीच्या औषधांच्या बाबतीत हे अज्ञान महागात पडते.

लघवीच्या जळजळीसाठी दिली जाणारी को-ट्रायमोक्झाझोलची गोळी सल्फाचीच. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही त्याच जातीचं. जनावरांनाही सल्फाच्या गोळ्या देतात. ज्याला सल्फा सोसत नाही त्यानं त्या हातानं कुटू नयेत. पेनिसिलिनसाठी कातडीत सुई टोचून चाचणी होते, तशी भरवशाची चाचणी सल्फासाठी नाही. रक्त तपासूनही खात्रीने सांगता येत नाही. निदानाचा बहुतेक भार रोग्याच्या हकिकतीवर असतो.

आणि इथेच फसगत होते. साधं पुरळ बहुधा औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी उठतं. तोवर गोळ्या संपत आलेल्या असतात. मग घरात म्हणतात, ‘पित्त उठलं, उष्णता झाली.’ खरी गुन्हेगार गोळी सुटते आणि पुढच्या वेळी पुन्हा पोटात जाते.

पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणे यांपैकी काही दिसलं, तर प्रश्न जिवाचा आहे. गोळी बंद करावी आणि रोग्याला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. गोळी घेताच ओठ सुजले, धाप लागली, तरी तीच घाई करावी. कातडी सोलवटण्यापर्यंत मजल गेली असेल, तर त्या माणसाला सल्फाची गोळी पुन्हा कधीही देऊ नये.

पण खोटा शिक्काही नको. द्राक्षावर भुरीसाठी गंधकाची भुकटी मारताना डोळे चुरचुरले किंवा अमोनियम सल्फेट टाकताना हात खाजले, म्हणजे सल्फाची ॲलर्जी नव्हे. नावं सारखी, वस्तू वेगळ्या. नुसती मळमळ हीसुद्धा ॲलर्जी नव्हे. उगाच शिक्का बसला, की स्वस्त आणि गुणकारी औषध कायमचं हातातून जातं. पूर्वीचा त्रास किरकोळ असेल, तर डॉक्टर आपल्या नजरेखाली थोडी मात्रा देऊन खात्री करू शकतात. घरी हा प्रयोग कुणी करू नये.

खताची पावती आपण वर्षभर जपतो, तशी गोळीची रिकामी पट्टीही जपावी. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘सल्फा’ने सुरू होणारं नाव आहे का ते पाहावे. पुरळाचा मोबाईलवर फोटो काढावा. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि त्रासाची तारीख एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावी व केसपेपरवर ठळक नोंद करून घ्यावी. आशाताई आणि ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत एकदा मांडावाच. खर्च एका कागदाचा आहे, वाचणार आहे तो माणूस.