मारेकऱ्याच्या हातातला कॅमेरा

हिटलरच्या नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची कत्तल केली, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या काळावरचा एखादा माहितीपट लागला की पडद्यावर काळी-पांढरी दृश्ये सरकू लागतात. हाडांचा सापळा झालेली मुले, फुटपाथवर पडलेली प्रेते, घेट्टोच्या गल्लीतली गर्दी. आपण हळहळतो. पण ही दृश्ये टिपली कोणी, हा प्रश्न किती जण विचारतात? वॉर्सा घेट्टोची पुष्कळशी दृश्ये खुद्द नाझींनी टिपलेली आहेत. म्हणजे कॅमेरा मारेकऱ्याचा आणि हेतूही मारेकऱ्याचाच!

याएल हर्सोन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेने २०१० मध्ये 'अ फिल्म अनफिनिश्ड' हा माहितीपट काढून नेमके यावरच बोट ठेवले. पोलंडच्या राजधानीतील हा घेट्टो नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून बंद करण्यात आला होता. चार लाखांवर माणसे त्यात कोंबली होती. मे १९४२ मध्ये जर्मन कॅमेरामन तिथे आले आणि महिनाभर चित्रण करून गेले. युद्धानंतर ती रिळे पूर्व जर्मनीच्या संग्रहात सापडली. आवाज नाही, निवेदन नाही, वर नाव फक्त 'घेट्टो'. पुढे कित्येक वर्षे त्यातले तुकडे घेट्टोचे खरे जीवन म्हणून दाखवले गेले.

१९९८ मध्ये आणखी एक रीळ हाती आले आणि बिंग फुटले. त्यात वगळलेली दृश्ये होती. चांगल्या कपड्यातली बाई भुकेल्या पोरांकडे न बघता दुकानात शिरते, हे दृश्य पुन्हा पुन्हा घेतलेले. कुठे दुसरा कॅमेरामनच चौकटीत आलेला. हॉटेलातली मेजवानी, नाटकाला जमलेले प्रेक्षक, सगळे हुकुमाने बसवलेले. काही ज्यू चैनीत राहतात आणि आपल्याच भाईबंदांच्या मरणाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, असे जगाला पटवायचा हा कावा होता. भिंत कोणी बांधली, अन्न कोणी तोडले, ते या रिळात कुठेच नाही. पुढे एक कॅमेरामन जबाब देताना म्हणाला की, चित्रणाचा हेतू आपल्याला ठाऊक नव्हता. हुकूम पाळणाऱ्यांना नेमके एवढेच कधी ठाऊक नसते!

हर्सोन्स्कीने आणखी एक गोष्ट केली. घेट्टोतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिने ती रिळे दाखवली. त्यांतली एक बाई गर्दीतल्या चेहऱ्यांत आपली आई दिसेल का, हे शोधत होती. इतिहासकार ज्याला पुरावा म्हणतात, ते या बाईसाठी आईचे शेवटचे दर्शन ठरू शकले असते. चित्रण संपले आणि दोन महिन्यांच्या आत, २२ जुलै १९४२ रोजी, घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख अॅडम चेर्नियाकोव्ह यांनी दुसऱ्याच दिवशी आत्महत्या केली. त्यांच्या रोजनिशीत या चित्रणाच्या नोंदी आहेत. त्या नसत्या, तर नाझींची लबाडी पकडायला कोण उरले होते?

आणि चेर्नियाकोव्ह एकटे लिहीत नव्हते. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने पन्नास-साठ माणसांचा गुप्त गट उभा केला होता. रोजनिश्या, मुलांचे निबंध, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, अगदी गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा त्यांनी जमवले. ज्यांच्याविषयी कायम दुसऱ्यांनीच लिहिले, त्या आपल्या वाचकांना याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये, बाहेर धरपकड चालू असताना, पत्र्याच्या दहा पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या गेल्या. नंतर दुधाचे दोन कॅनही तिथेच पुरले. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये बायको-मुलासह मारले गेले. गटातले तिघेच जगले. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, कॅन १९५० मध्ये. रॉबर्टा ग्रॉसमन यांनी २०१८ मध्ये या गटावर माहितीपट काढला आहे.

नाझी हरले म्हणून पडद्यावर सगळे सत्य आले, असे मात्र कोणी समजू नये. आलँ रेने यांचा १९५६ चा 'नाइट अँड फॉग' जगभर नावाजला गेला. पण छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच पोलिसाची टोपी एका छायाचित्रात दिसत होती, ती फ्रान्सच्या सेन्सॉरने झाकायला लावली. गुन्ह्यात आपलाही हात होता, हे सरकारला दिसू द्यायचे नव्हते. त्या माहितीपटात 'ज्यू' हा शब्दही जेमतेम ऐकू येतो.

क्लोद लान्झमन यांनी म्हणूनच 'शोआ' (१९८५) या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात जुने एकही दृश्य वापरले नाही. फक्त माणसे बोलतात. वाचलेले, पाहणारे आणि छुप्या कॅमेऱ्याने टिपलेला छावणीचा एक पहारेकरीसुद्धा. त्यांचा हट्ट आम्हाला समजतो, पण तो पुरेसा वाटत नाही. साक्षीदार मरतात, रिळे उरतात. ती फेकून देण्यापेक्षा हर्सोन्स्कीप्रमाणे त्यांची उलटतपासणी करणे अधिक उपयोगाचे आहे.

आता तर ही गरज वाढली आहे. संगणकाने बनवलेली छळछावणीच्या बळींची खोटी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरत असल्याचा इशारा ऑशविट्झच्या स्मारक संग्रहालयाने २०२५ मध्ये दिला. हळवी गोष्ट जोडायची आणि लाइक मिळवायचे, असा हा धंदा आहे. कत्तल झालीच नाही म्हणणाऱ्यांना त्यामुळे आयते कोलीत मिळते. एक चित्र खोटे निघाले की ते सगळीच खोटी ठरवायला मोकळे!

रिंगेलब्लुमच्या गटाने आणखी एक साठा पुरला होता. तो आजतागायत सापडलेला नाही. वॉर्सातील चिनी वकिलातीच्या आवाराखाली तो असावा, असा अंदाज आहे.