रोडगा आणि लसणाचे लोणी

अकोल्याच्या एका भगिनीने आम्हांस लिहिले आहे की, त्यांच्या कन्येने घरच्या विजेच्या भट्टीत खारी बिस्किटे भाजून त्यांवर लसूण घातलेले लोणी फासले, आणि तेव्हापासून वृद्ध सासूबाईंनी आपले पान वेगळे मांडून घेतले आहे. मुलगी हट्टास पेटली आहे, सासूबाई बोलत नाहीत, आणि भगिनींचा जीव टांगणीस लागला आहे. ‘शास्त्र काय म्हणते?’ एवढेच त्या विचारतात.

शास्त्र आडपडदा ठेवीत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजास लसूण वर्ज्य सांगितला आहे. परंतु तीच गीर्वाणवाणी वैद्याच्या मुखाने बोलू लागली की सूर निराळा लागतो. सहा रसांपैकी केवळ आम्ल रसाने उणा म्हणून ‘रसोन’, अशी व्युत्पत्ती वैद्य सांगतात. काश्यपसंहितेत तर त्यासाठी स्वतंत्र कल्प आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे बॉवर नामक लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावरील जी पोथी आली, तीत ब्राह्मणासाठी मोठी मौजेची तोड आहे. गाईस तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग दोन भाग गवतात एक भाग लसणाची पात मिसळून चारावी, आणि तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल सेवन करावे! लसणाचे लोणी पूर्वजांनी असे गाईकरवी करवून घेतले. (बिचाऱ्या गाईची मात्र आम्हांस कीव येते.)

दुसरा दाखला घरातलाच. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस खंडोबाला बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि लसूण यांचा नैवेद्य दाखवितात. आणि खंडोबा ज्यांचे कुलदैवत, अशी ब्राह्मण घरे थोडी नाहीत. सासूबाईंच्या माहेरचे कुलदैवत कोणते, हे भगिनींनी हळूच विचारून पाहावे.

आता रोडग्याचा विषय निघालाच आहे. अमरावती-अकोल्याकडे तो गव्हाचा करतात. जाडसर दळलेल्या कणकेस तेलाचे मोहन, मीठ व ओवा घालून ती घट्ट भिजवावी. लहान लहान पाऱ्या लाटून, मध्ये तेलाचा हात फिरवीत एकावर एक रचाव्या आणि बाहेरच्या पारीत मिटवून गोळा वळावा. गोवऱ्यांचा जाळ पुरता निवून निखाऱ्यांवर राखेची साय धरली म्हणजे गोळे त्यात पुरावे. घाई करणाऱ्याचा रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. राख उष्णता बेताबेताने पोहोचविते, म्हणून तो गाभ्यापर्यंत भाजतो. ह्यात ना सोडा, ना खमीर. पिठातील पाण्याची वाफ होते, स्निग्धांश थरांस चिकटू देत नाही, आणि पापुद्रे सुटतात. खारी बिस्किटाचे पापुद्रेही ह्याच न्यायाने सुटतात. बिस्किट ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ तर ‘दोनदा शिजविलेले’ असा आहे. तेव्हा आधी उकडून मग तुपात तळलेली आपली बट्टी त्या नावास अधिक पात्र ठरेल!

मुलीस एवढेच सांगावे की, लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा. ठेचल्यावरच त्यातील तिखट द्रव्य उत्पन्न होते. ते अमेरिकेत १९४४ साली वेगळे काढण्यात आले. लगेच उष्णता दिल्यास ते तयार व्हावयाचेच राहते. लोणी मंद आचेवर वितळवावे. लसूण तांबडा झाला की कडवटतो.

बिस्किटांवर मात्र ते फासू नये. बिस्किटे नुसती भाजावी, त्यासाठी तवा-ताटली स्वच्छ निराळी घ्यावी, आणि लसणाचे लोणी वाटीत बाजूस ठेवावे. ज्यास हवे त्याने बुडवावे. पहिली खेप साजूक तुपाबरोबर सासूबाईंच्या पानावर जावी. पान वेगळे मांडलेले असले तरी वाढावयास नातीनेच जावे.