उपाशी गाठ मरत का नाही?

शत्रूच्या गढीला वेढा घालायचा, रसद तोडायची, म्हणजे गढी आपोआप पडते. कर्करोगाच्या बाबतीत हाच विचार १९७१ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी मांडला. गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या हव्यात; त्या फुटूच दिल्या नाहीत तर ती वाढणार कशी? असे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूरही झाले. त्याचे नाव बेव्हॅसिझुमॅब. मोठ्या आतड्याच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगात नुसती केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण १५.६ महिन्यांपलीकडे जगले होते. या औषधाची जोड मिळाल्यावर ही मर्यादा २०.३ महिन्यांवर गेली. रुग्णाच्या घराला हे पावणेपाच महिने मोलाचेच. पण गढी पडली नाही.

असे का व्हावे? रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापलीकडे प्राणवायू पोचत नाही. तिथल्या पेशी गुदमरू लागल्या की त्यांच्यात 'हिफ' नावाचे प्रथिन साठते आणि त्याच्या हुकुमावरून नव्या वाहिन्यांसाठी रासायनिक सांगावे सुटतात. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखतात, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले.

पण गाठीतल्या या वाहिन्या म्हणजे घाईने टाकलेली नळयोजना! वाकड्यातिकड्या, गळक्या. रक्त कधी वाहते, कधी थबकते. त्याच पेशी घटकेत गुदमरतात, घटकेत श्वास घेतात. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेले घर हंडे-कळशा भरून सावध राहते, तशाच या पेशी चिवट होतात. प्राणवायू परतला की हिफ ओसरायला हवे. पण त्या परतीच्या वेळी तयार होणारे प्राणवायूचे उपद्रवी रेणूच त्याला टिकवून धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे वाहिन्यांची मागणी चालूच राहते. शिवाय प्राणवायू नसलेल्या पेशींवर किरणोपचारही कमी चालतो.

म्हणूनच अमेरिकेत संशोधन करणारे राकेश जैन यांनी २००१ मध्ये उलटा विचार मांडला. वाहिन्या साऱ्या तोडण्याऐवजी बेताच्या औषधाने काही काळ त्यांची घडी नीट बसवावी, म्हणजे प्राणवायू आणि औषध दोन्ही गाठीच्या आत पोचतील. शत्रूची वाट दुरुस्त करून त्याच वाटेने आत शिरायचे!

आपण वाचकांनी यातून काय घ्यावे? घरात हा आजार आला की सल्ल्यांना तोटा नसतो. गाठीला उपाशी मारा, असे एक सांगतो. शरीरात प्राणवायू भरा, कर्करोग पळेल, असे दुसरा. दोन्ही अर्धसत्ये आहेत, आणि अर्धसत्याच्या नादी लागून उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. रुग्णाचे ताट काढून घेतल्याने गाठ उपाशी राहत नाही; रुग्ण मात्र राहतो. सोप्या उत्तराने धीर येतो खरा. पण ज्या शास्त्राने आपला अंदाज चुकल्याचे मान्य करून वाट बदलली, त्याच्यावर विसंबणे अधिक शहाणपणाचे.