जानेवारीतली रॅली आणि बारा महिन्यांचा रस्ता

माझं गाव उमरगा तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागून. मी शाळेत होतो तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता, दोनपदरी. आता तो ६५ आहे, चौपदरी. नंबर बदलला, रुंदी वाढली, पण पलीकडच्या वस्तीवरची मुलं शाळेसाठी तो अजूनही पायीच ओलांडतात. नववीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली, तिसऱ्या दिवशी गणिताचा तास झाला. असा रस्ता कसा ओलांडायचा, हे आम्हाला ना आधी कुणी शिकवलं होतं, ना नंतर.

हे सगळं परत आठवलं ते भाच्यामुळे. गेल्या खेपेला पुण्याहून घरी गेलो तर चौदा वर्षांचा हा पोरगा त्याच्या अब्बांची मोटारसायकल घेऊन ट्यूशनला निघालेला, मागे दोन मित्र. हेल्मेट कुणालाच नाही. मी रागावलो तर म्हणाला, "मामू, रोड सेफ्टीच्या रॅलीत बॅनर मीच धरला होता." तो उलट बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने रॅली ही शाळेची गोष्ट होती आणि मोटारसायकल ही घरची.

रस्ता सुरक्षेचा पूर्वी आठवडा असायचा, आता महिना असतो. रॅली, निबंध, चित्रकला, शपथ, फोटो. त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात रिफ्लेक्टरशिवाय चाललेले असतात आणि त्यांच्या बाजूने सायकलवर मुलं. महिना संपतो, बॅनर कपाटात जातो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यात १८ वर्षांखालची ९,५२८ होती. म्हणजे रोज सव्वीस मुलं. एखाद्या आजाराने रोज सव्वीस मुलं गेली असती, तर आपण रॅलीवर समाधान मानलं असतं का?

माझं म्हणणं साधं आहे. मुलांचं वाहतूक शिक्षण हा कार्यक्रम नाही, तो खर्च आहे. आणि ज्या खर्चाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही, ते काम प्रशासनाच्या लेखी अस्तित्वातच नसतं. रॅलीला पैसा लागत नाही, म्हणून तर ती दरवर्षी निघते.

आदेशांची कमतरता नाही. ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की जिल्हा पातळीवर रस्ता सुरक्षा समित्या नेमा, रस्ता सुरक्षा निधी उभारा, शाळेच्या अभ्यासक्रमात हा विषय आणा. निधीत दंडाच्या रकमेचा वाटा असावा, असंही त्यात होतं. पण वरून आलेला आदेश आपल्या शाळेच्या मैदानापर्यंत यायचा, तर खालून कुणीतरी मागावं लागतं.

कुठे मागायचं? ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित हिस्सा असतो. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के तिला महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात कोणती कामं घ्यायची, ते ग्रामसभेत मांडता येतं. जिल्हा परिषदेकडे सेस फंड आहे, नगर परिषदेकडे स्वतःचं अंदाजपत्रक. जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते आणि शासनाचं अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरायचं असतं. आपल्यापैकी कितीजणांच्या घरातलं कुणी या समितीच्या बैठकीला गेलंय? सही करायला नव्हे, बोलायला.

किती मागायचं? नाशिकमध्ये 'नाशिक फर्स्ट'चं ट्रॅफिक पार्क आहे, नागपुरात धरमपेठेत आहे. उमरगा, लोहारा, भूम, परंड्याच्या मुलाने तिथे कधी जायचं? पण मैदानावर फक्कीने चौक आखता येतो. दहा-बारा रिफ्लेक्टर जॅकेट, हातात धरायच्या 'थांबा'च्या पाट्या, शिट्ट्या, दोन-चार हेल्मेट. माझ्या हिशोबाने एका शाळेचं हे सामान पंधरा हजारांत बसतं. त्याहून महत्त्वाचा आहे वेळ. दर महिन्याला एक तास, वर्गात नाही, मैदानात आणि मग शिक्षकांसोबत प्रत्यक्ष रस्त्यावर. लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर मोठ्यांसारखं जोखता येत नाही. ते भाषणाने येत नाही, सरावाने येतं.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. आज त्या देशात वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास आहेत. रस्ते बदलले, हे त्याचं मोठं कारण. पण प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी तिथली मुलं वाहतुकीची परीक्षा देतात, लेखी आणि सायकलवर खऱ्या रस्त्यावर. इंग्लंडमध्ये २००७ पासून मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवणारा उपक्रम आहे आणि त्यासाठी सरकार स्थानिक संस्थांना अनुदान देतं.

कुणी म्हणेल, चूक भरधाव ट्रकची आणि धडे मात्र पोरांना? आक्षेप बरोबर आहे. शिक्षणाच्या नावाखाली मेलेल्या मुलावरच दोष ढकलायचा असेल, तर ते शिक्षण नको. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच ठिकाणी रोज चूक होत असेल तर आम्ही वापरणाऱ्याला "जपून वापरा" सांगून मोकळे होत नाही. पण चूक कुठे होते, हे वापरणाराच सांगतो. म्हणून मुलांच्या पहिल्याच तासाला एक काम द्यावं. घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढा, भीती वाटते तिथे खूण करा. महामार्ग ग्रामपंचायतीच्या हातात नाही, भुयारी मार्ग ती बांधू शकत नाही. पण पन्नास मुलांच्या नकाशांवर एकाच जागी खूण असेल, तर ती वही शाळेच्या पत्रासह जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवता येते. रॅलीच्या फोटोवर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, या वहीवर द्यावं लागेल.

आता आपल्या घरचं. मोहल्ल्यातून नगरसेवकाकडे जाणारी निवेदनं आठवा. कब्रस्तानची भिंत, शादीखाना, ईदगाहचा रस्ता. मागण्या रास्त आहेत. पण शाळेचा रस्ता त्यात नसतो. खरं तर उर्दू माध्यमातलं पुढचं शिक्षण बहुतेक तालुक्याच्या गावीच मिळतं, त्यामुळे आपल्या मुलींना लांब जावं लागतं. जीपमध्ये कोंबून किंवा फाट्यावर एसटीची वाट बघत. सातवीनंतर मुलीची शाळा सुटते तेव्हा घरचे म्हणतात, "रस्ता ठीक नाही." त्यातला अर्धा अर्थ तरी शब्दशः घ्यायला हवा.

आणि आपली पोरं? ईदच्या संध्याकाळी ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हे नेकीचं काम, असं आपण मकतबमध्ये शिकलो. चौदा वर्षांच्या पोराच्या हातातली किल्ली काढून घेणं हेही त्यातच येतं.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आहेत. पुढच्या सभेसाठी मी रजा टाकली आहे. एका पानाचा अर्ज आहे. एक शाळा, एक तास, पंधरा हजार रुपये, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सोबत जोडायचा नकाशा भाचा काढतोय. त्याने आतापर्यंत सात खुणा केल्या आहेत. त्यातली एक बरोबर तिथेच आहे, जिथे माझा वर्गमित्र गेला. मी त्याला ती जागा कधीच सांगितली नव्हती.