हातोडीवाल्यानें इंजिनियर कां होऊं नये?

कारखान्यांतलें यंत्र बंद पडलें म्हणजे पहिली हांक फिटरला जाते. लोखंडाचा सांधा उकलला म्हणजे वेल्डरला बोलावितात, आणि भिंत ओळंब्यांत नसली तर गवंड्याला शिव्या बसतात. म्हणजे कामाच्या वेळीं हा माणूस सर्वांना हवा असतो. पण आराखडा ठरविण्याची व सही करण्याची वेळ आली कीं, त्याला दाराबाहेर उभें राहावें लागतें. लोहार-सुताराचा मुलगा आय.टी.आय. होऊन पंधरा वर्षें यंत्राशीं झटला, तरी इंजिनियरांच्या पंक्तीला त्याचें पान मांडलेलें नसतें. तें कां नसावें, आणि तेथवर जाण्याची वाट कोणती, याचा आज विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही पंक्ति मुळांत कारागिरांनींच बसविली. विलायतेंत स्थापत्य इंजिनियरांची संस्था लंडन येथें १८१८ सालीं निघाली. १८२० सालीं तिचा पहिला अध्यक्ष झाला तो टॉमस टेलफर्ड; हा मेंढपाळाचा मुलगा, आणि उमेदवारी केली ती पाथरवटाच्या हाताखालीं. यंत्र इंजिनियरांची संस्था १८४७ सालीं बर्मिंगहॅम येथें निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन. त्याचा बाप कोळशाच्या खाणीवर इंजिनाला कोळसा घालणारा, आणि हा स्वतः अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर. ज्या सभेंत पाऊल टाकण्यास आमच्या गवंड्याला आज संकोच वाटतो, त्या सभेचा पहिला अध्यक्ष छिन्नी-हातोडी चालवूनच वर आला होता!

परंतु हे दोघे केवळ हाताच्या जोरावर तेथें पोंचले नाहींत. स्टीफन्सननें आपल्या मजुरींतून पैसे भरून रात्रीच्या शाळेंत लिहिणें, वाचणें व हिशेब शिकून घेतले. हाताला अक्षराची व आंकड्याची जोड मिळाली, तेव्हां कारागिराचा इंजिनियर झाला.

आमच्याकडे काय झालें? पुण्यांत १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकामाला लागणारे दुय्यम नोकर तयार करण्यासाठीं. पुढें त्याचें कॉलेज झालें, विद्यापीठाची परीक्षा आली, आणि इंग्रजी पुस्तक ज्याच्या घरीं त्याचाच तेथें शिरकाव झाला. पिढ्यान् पिढ्या लोखंड तापविणाऱ्याचें ज्ञान फाटकाबाहेर राहिलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं कलाभवन काढून देशी भाषेंत धंदेशिक्षण दिलें, पण असें उदाहरण विरळाच. हात मळला म्हणजे माणूस हलका, ही समजूत ज्या देशांत धर्म म्हणून पाळली गेली, तेथें दुसरें काय होणार?

इंजिनियरांची भारतीय संस्था १९२० सालीं स्थापन झाली व १९३५ सालीं तिला राजसनद मिळाली. तिच्या परीक्षेनें मात्र अनेकांना वाट दिली. दिवसा नोकरी, रात्रीं कंदिलापुढें अभ्यास, आणि ‘अ’ व ‘ब’ असे दोन भाग उतरले कीं पदवीची बरोबरी. पण ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनीं नांवें घातलीं, त्यांच्याच प्रमाणपत्राला केंद्र सरकारच्या नोकरीसाठीं ही बरोबरी मिळते. त्यानंतरच्या नोकरदार कारागिराला ही खिडकी बंद झाली.

दुसरी वाट उघडी आहे, ती प्रत्येक घरानें तोंडपाठ करावी. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. झाला कीं डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळूं शकतो. डिप्लोमा झाला कीं पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षें. अकरावी-बारावी करून जाणाऱ्याला सहा लागतात. फरक अवघ्या एका वर्षाचा, आणि या वाटेवर मध्येंच थांबावें लागलें तरी पोट भरणारा धंदा हातांत राहतो. शिवाय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१-२२ पासून मराठींत पदवी शिकविण्यास, आणि २०२३-२४ पासून नोकरदारांसाठीं सोईच्या वेळेचे वर्ग काढण्यास मुभा दिली आहे. मुभा आहे, पण वर्ग किती ठिकाणीं आहेत, हें आपल्या तालुक्याला व आमदाराला विचारा.

या वाटेंत खड्डा आहे तो गणिताचा. थेट दुसऱ्या वर्षांत बसलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या गणितावर अडखळतो, आणि ‘हें आपलें काम नव्हे’ म्हणून परत फिरतो. आम्ही मास्तर आहों, म्हणून सांगतों: हा दोष डोक्याचा नाहीं, पायाचा आहे. बीजगणित, त्रिकोणमिति आणि आराखडा हीं तीन गांवच्या शाळेंतच पक्कीं झालीं तर खड्डा बुजतो.

कोणी म्हणेल, कारागीर आंत घेतले तर इंजिनियरांचा दर्जा घसरेल. आम्हांला सवलत नकोच. पुलावरचा भार कोणाची जात पाहत नाहीं, तशी कोणाची गरिबीही पाहत नाहीं. घराचा छज्जाच घ्या. तुळईला मधोमध ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून तेथें सळई खालीं घालतात. छज्जा भिंतींतून पुढें लोंबतो. त्याचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर हवी. ती खालीं घातली तर छज्जा कोसळतो. सळई कोठें घालावी हें गवंड्याला ठाऊक असतें. ती तेथेंच कां, आणि किती जाडीची, हें गणितानें कळतें. ‘कोठें’ आणि ‘कां’ एकाच माणसाला कळूं लागले कीं दर्जा घसरेल कीं वाढेल?

विलायतेंत आज तंत्रज्ञापासून सनदी इंजिनियरापर्यंत तीन पायऱ्या आहेत. पदवी नसली तरी केलेल्या कामाचा दाखला देऊन आणि जाणत्यांपुढें तोंडी परीक्षा देऊन माणूस वर चढूं शकतो. आपल्याकडे आधींच येत असलेल्या कसबाचा दाखला देण्याची सरकारी योजना २०१५ पासून आहे, पण त्या दाखल्यानें इंजिनियरांच्या सभेचें दार उघडत नाहीं. आमची मागणी इतकीच: परीक्षा कडक घ्या, पण हात आणि डोकें दोन्ही तपासा, आणि जो उतरेल त्याला पूर्ण मानानें बसवा.

तोंवर घरोघरीं दोन गोष्टी व्हाव्या. मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.ला गेली म्हणजे वाया गेली, असें कोणी म्हणूं नये. आणि प्रत्येक कारागिरानें एक वही ठेवावी: तारीख, काम, माप, बिघाड काय होता आणि तो कसा काढला. बापाचें ज्ञान आजवर बापाबरोबरच सरणावर जात आलें. तें कागदावर उतरलें तर मुलाला तेथून पुढें चालतां येईल. वही आठ आण्यांची राहिली नाहीं हें खरें, पण तंबाखूच्या चार पुड्यांत अजून येते.